गल्ल्याशेजारचं टेबल

शरयू मुळ्ये ग्वाल्हेरच्या मोतीमहालातल्या सचिवालयात टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा मध्य भारत नावाचं राज्य नवंच होतं. ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहानमोठी संस्थानं मिळून ते झालं होतं. राजधानीचा मान कुणाला द्यायचा, यावर दोन्ही शहरं हटून बसली, तेव्हा तोड निघाली ती अशी की सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहील आणि उन्हाळ्यात इंदूरला. मग दर वर्षी फायली, टाइपरायटर, साहेब, कारकून आणि चपराशी असा सगळा बाडबिस्तरा आगगाडीत चढे आणि उतरे.

तिचे वडील गोपाळकृष्ण मुळ्ये संस्थानच्या दप्तरात होते. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांनी पेन्शन घेतली आणि जनकगंजातल्या घरी वाचन-पूजेत दिवस घालवू लागले. लेकीनं नोकरी करावी हे त्यांना मनातून फारसं रुचलं नव्हतं, पण मोतीमहाल म्हणजे ओळखीची जागा, म्हणून त्यांनी होकार दिला. इंदूरला जायची पाळी आली तेव्हा मात्र ते अडून बसले. शेवटी त्याच खात्यातल्या लीलाताई दिघे यांनी शब्द दिला, "काका, माझ्याकडेच राहील ती. काळजी करू नका." लीलाताई मूळच्या इंदूरच्या, विधवा, चाळिशीच्या. त्यांच्यासमोर नाही म्हणणं कुणालाच जमत नसे.

इंदूरला पोचल्यावर पहिल्याच सकाळी लीलाताईंनी तिला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं. पोह्यांची वाफ, कढईत फुलणारी जिलबी आणि बाकावर दाटीवाटीनं बसलेली माणसं. दुकानदारानं विचारलं, "तुम्हाला काय देऊ?" शरयूनं लीलाताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघून राहिलीस?" लीलाताई म्हणाल्या. "तुला विचारतोय तो."

 शरयूची आई इंदुताई सुगरण होती. घरी जे पानात पडे ते चांगलंच असे, पण काय हवं असं कुणी कुणाला विचारायची पद्धत नव्हती. दुकानभर नजर फिरवून ती म्हणाली, "पोहे द्या. जिलबी पण. आणि तिकडे ते तळताहेत, त्याचं नाव माहीत नाही, पण ते एक."

त्या उन्हाळ्यात दोघी खूप ठिकाणी जेवल्या. इंदूरच्या लोकांना बाहेर खाण्यात काही विशेष वाटत नसे. परत यायची वेळ आली तेव्हा शरयूचं थोडं वजन वाढलं होतं आणि तिला एक सवय लागली होती.

पण ग्वाल्हेर म्हणजे इंदूर नव्हे. इथे हॉटेलात पुरुष बसत. बाई गेलीच तर नवऱ्याबरोबर किंवा भावाबरोबर, आणि तीही फळ्यांच्या केबिनमध्ये, पडद्यामागे. लीलाताई ग्वाल्हेरला आल्या की शहरालगतच्या मुरार छावणीत बहिणीकडे राहत आणि दुपारी तिनं दिलेला डबा खात. शरयूही डबा नेई. एक दिवस मात्र डबा घरीच राहिला. मधल्या सुट्टीत ती फुलबागेच्या रस्त्याला निघाली आणि 'सैनिक उपाहारगृह' अशी पाटी दिसली तिथे आत शिरली.

ते हॉटेल महिपतराव जगदाळ्यांचं. संस्थानी फौज देशाच्या फौजेत मिसळली तेव्हा काही लोकांना पुढे घेतलं आणि काहींना पेन्शन दिली, महिपतराव दुसऱ्यांतले. आयुष्यभर पलटणीत काढलेल्या माणसानं हॉटेल काढलं तर ते जसं असेल तसंच ते होतं. टेबलं एका ओळीत, पेले उंचीप्रमाणे, आणि वाढप्यांच्या डोक्यावर टोपी सरळ. मिशांना पीळ देत महिपतराव गल्ल्यावर ताठ बसत आणि कुणी खुर्ची वाकडी सोडून उठला की स्वतः जाऊन ती सरळ करत.

शरयू दारात उभी राहिली तशी आतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. दौलतसिंह नावाचा वाढपी पुढे आला आणि तिच्या मागे कुणी आहे का ते बघू लागला.

"बहनजी, साथ में कौन है?"

"कोणी नाही. मी एकटीच आहे."

दौलतसिंहानं मालकाकडे पाहिलं. महिपतराव उठून आले. "नमस्कार बाई. त्याचं असं आहे की केबिन फॅमिलीसाठी आहे. एकट्या माणसाला तिथे बसवत नाही, असा नियम आहे."

"मग इथे बाहेर बसते."

"बाहेर पुरुष मंडळी बसतात."

"तसा नियम आहे का?"

महिपतराव विचारात पडले. नियम नव्हता. असा प्रसंग येईल हेच कधी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळं हॉटेल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. शेवटी ते म्हणाले, "एकट्या बाईसाठी नियमच केलेला नाही. तो होईपर्यंत तुम्ही इथे बसा." आणि गल्ल्याला लागून असलेलं लहान टेबल, जिथे ते स्वतः चहा घेत, ते त्यांनी पुसून दिलं.

शरयूनं बटाटेवडे आणि कॉफी मागवली. ती खात होती तोवर महिपतराव शेजारी पहाऱ्यावर असल्यासारखे बसले होते आणि कुणाची मान वळली की त्याच्याकडे रोखून बघत होते. वडे गरम होते, पण शरयूला त्यांची चव नीट कळली नाही.  तरी तिनं दोन्ही वडे संपवले, कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्याली, आणि जाताना खुर्ची सरळ करून ठेवली. महिपतरावांनी ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात ती लीलाताईंना घेऊन गेली. मग कन्याशाळेतल्या दोन शिक्षिका आल्या, त्यांच्याकडून ऐकून कंपू भागातल्या इस्पितळाच्या नर्सबाई आल्या. लहान टेबलाला दुसरं टेबल जोडावं लागलं. महिपतरावांचा नियम काही झाला नाही. लीलाताईंनी एकदा चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "विचार चालू आहे."

व्हायचं ते झालंच. जुन्या दप्तरातले एक स्नेही गोपाळकृष्णांना देवळात भेटले आणि म्हणाले, "तुमची शरयू हॉटेलात बसते, माहीत आहे ना?"

 रात्री त्यांनी लेकीला विचारलं, तिनं खरं ते सांगितलं. त्यांना मनाई करायची होती, पण न बघता हुकूम काढणं त्यांच्या दप्तरी स्वभावात बसत नव्हतं. आणि स्वतः जाऊन बघायचं तर त्यांनी जन्मात हॉटेलचा उंबरा ओलांडला नव्हता. शेवटी ते इंदुताईंना म्हणाले, "तू एकदा हिच्याबरोबर जाऊन बघून ये. जागा कशी आहे, माणसं कशी आहेत. मग ठरवू."

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. त्या दुपारी नऊवारी नेसून इंदुताई टांग्यातून उतरल्या. महिपतराव उठून उभे राहिले. "या, आईसाहेब." आता बायका दोन होत्या, शिवाय आई आणि मुलगी म्हणजे फॅमिलीच, म्हणून त्यांनी मोठ्या समाधानानं केबिनचा पडदा बाजूला केला.

"इथे नको," इंदुताई म्हणाल्या. "पडद्यामागे बसून मला दिसणार काय? मी बघायला आले आहे."

तेव्हा त्याही गल्ल्याशेजारी बसल्या. आधी त्यांनी आचारी कोण ते विचारलं. उज्जैनचा ब्राह्मण आहे म्हटल्यावर त्या स्वतः आत जाऊन त्याला बघून आल्या. भांडी लखलखीत होती आणि आकारानं लावलेली होती. यावर बोलण्यासारखं काही सापडलं नाही. मग दौलतसिंह आला आणि त्यानं एका दमात सांगितलं, "समोसा, कचौरी, बटाटावडा, दहीवडा, साबुदाना खिचडी, भजिया, गुलाबजामुन."

"पुन्हा एकदा सांगा," इंदुताई म्हणाल्या. त्यानं पुन्हा सांगितलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि दहीवडा मागवला.

दहीवडा आला. त्यांनी चमच्यानं एक तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मग दुसरा तुकडा खाल्ला. बघता बघता बशी रिकामी केली. नंतर सवयीनं त्या बशी उचलून उठायला लागल्या.

"रहने दीजिए माताजी," दौलतसिंह म्हणाला आणि बशी घेऊन गेला. इंदुताई तो आतल्या दारात दिसेनासा होईपर्यंत त्या बशीकडे बघत होत्या.

"ती कोण घासणार?" त्यांनी विचारलं.

"त्यांचा माणूस आहे, आई."

"डाळ पण त्यांनीच भिजत घातली असेल. वाटली पण त्यांनीच."

"हो."

"बरं आहे," इंदुताई म्हणाल्या आणि पदर सावरून खुर्चीत मागे टेकून बसल्या. आईला दुपारी नुसतं बसलेलं शरयूनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

घरी गोपाळकृष्ण वाटच बघत होते. "काय? कशी आहे जागा?"

"जागा स्वच्छ आहे. मालक सभ्य आहे. पण एकदा जाऊन काही कळत नाही," इंदुताई म्हणाल्या. "आज दहीवडा बरा होता, उद्या कसा असेल कोण जाणे. अजून एकदा जावं लागेल."

पुढच्या शनिवारी साबुदाण्याची खिचडी पाहून झाली. त्यानंतर कचोरी. एकदा नुसती कॉफी, कारण दूध कसं वापरतात ते कळायला हवं होतं. संक्रांत झाली, होळी झाली. गोपाळकृष्णांनी विचारलं, "तुझी चौकशी अजून चालूच आहे?"

"हिवाळ्यात सगळेच नीट ठेवतात," इंदुताई म्हणाल्या. "खरी परीक्षा उन्हाळ्यात. पाणी कसं ठेवतात, दही आंबट होतं का, हे बघितल्याशिवाय मी काही सांगायची नाही."

शरयू इंदूरला गेली तरी चौकशी थांबली नाही. शेजारच्या सुमनताईंना बरोबर घेऊन इंदुताई शनिवारी टांगा बोलवत. गोपाळकृष्णांनी पुढे विचारणं सोडून दिलं. इतकी वर्षं दप्तरात काढल्यावर कुठली चौकशी संपायची नाही हे त्यांना कळत होतं.

अशी पाच वर्षं गेली. मग छप्पन साली राज्यांची पुन्हा मांडामांड झाली. मध्य भारत संपला, मोठा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. या वेळी फायली बांधल्या त्या परत न येण्यासाठी. लीलाताई निघाल्या. स्टेशनवर त्या शरयूला म्हणाल्या, "चल ना तू पण. भोपाळला काय काय मिळतं ते बघू."

शरयूला जायचा मोह झाला होता. पण महसुलाचं एक कार्यालय ग्वाल्हेरलाच राहणार होतं आणि वरचे सगळे भोपाळला गेल्यामुळे तिथे मुख्य टायपिस्टची जागा तिला मिळत होती. तिनं ती घेतली. लीलाताईंची गाडी हलली तेव्हा ती रडली आणि दुसऱ्या दिवशी नव्या खुर्चीवर जाऊन बसली.

सैनिक उपाहारगृहाची मात्र दैना झाली. त्याचं निम्मं गिऱ्हाईक सचिवालयाचं होतं. दुपारी टेबलं ओळीत उभी आणि खुर्च्या सगळ्या सरळ, कारण त्या हलवायलाच कुणी नव्हतं. एका शनिवारी महिपतराव शरयूला म्हणाले, "आधी संस्थानची फौज गेली बाई. आता कारकुनांची पण गेली. मला काही समजत नाही."

"बायका कुठे गेल्या आहेत?" शरयू म्हणाली. "शिक्षिका इथेच आहेत, नर्स इथेच आहेत. मुरारला पलटणीतल्या लोकांच्या घरची मंडळी आहेत. पण बसवायचं कुठे, तर तुमच्याकडे एक टेबल आणि एक कोंदट केबिन. ती केबिन काढून टाका आणि सगळ्यांना सगळीकडे बसू द्या."

"पण नियम..."

"तो तुम्ही अजून केलेलाच नाही."

महिपतरावांनी मिशांवरून हात फिरवला. सोमवारी सुतार आला. फळ्या निघाल्या तेव्हा त्यांच्यामागची रस्त्याकडची एक खिडकी मोकळी झाली, ती तिथे आहे हे सगळे विसरूनच गेले होते. हळूहळू रविवारी संध्याकाळी कुटुंबं येऊ लागली, लहान मुलं खुर्च्या वाकड्या करू लागली आणि महिपतराव त्या सरळ करत हिंडू लागले. हॉटेल तरलं.

गोपाळकृष्णांचं तसं नव्हतं. त्यांच्या संध्याकाळच्या बैठकीतले बहुतेक जण मुलांच्या मागोमाग भोपाळला गेले होते. बागेतल्या बाकावर ते एकटेच बसून येत. एका रविवारी मायलेकी निघायला लागल्या, तर ते कोट घालून, टोपी घालून दारात उभे.

"तुम्ही कुठे निघालात?" इंदुताईंनी विचारलं.

"तुझ्याबरोबर. इतकी वर्षं चाललेली चौकशी आहे, वरच्या अधिकाऱ्यानं एकदा जागेवर यायला हवं."

महिपतरावांनी त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं. गोपाळकृष्णांनी खुर्चीच्या कडेवर बसून इकडेतिकडे पाहिलं. शरयूनं तिघांचं मागवलं: वडिलांना साबुदाण्याची खिचडी, कारण ती त्यांना ओळखीची, स्वतःला कचोरी, आईला दहीवडा. दौलतसिंहानं तिन्ही बश्या एकदम आणून ठेवल्या आणि तो गेला.

कुणीच खायला सुरुवात केली नाही. इंदुताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि नवऱ्याचं झाल्याशिवाय त्या कधी पानावर बसल्या नव्हत्या. गोपाळकृष्णही चमचा हातात धरून थांबले होते. दौलतसिंह परत आला. "कुछ कमी है, साहब?"

"नहीं, सब ठीक है," गोपाळकृष्ण म्हणाले. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "घे ना. दही गरम होईल."

"आधी तुम्ही."

"आधी आणि नंतर कसं करायचं? त्यांनी सगळं एकदमच आणलंय."

इंदुताईंनी चमचा उचलला. तिघांनी खाल्लं. खिचडी अर्धी झाल्यावर गोपाळकृष्णांनी विचारलं, "तुझा तो कसा आहे?"

इंदुताईंनी बशी थोडी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी एक तुकडा घेतला, चावला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." शरयू खिडकीतून रस्त्याकडे बघू लागली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर रविवारी तिघंही जात. घरी मात्र पानं पूर्वीसारखीच मांडली जात होती, आधी गोपाळकृष्णांचं, मग मायलेकींचं. एका पावसाळ्यात इंदुताईंचा पाय मुरगळला आणि शरयूवर स्वयंपाक आला. कचेरीची वेळ गाठायची म्हणून तिनं तिन्ही पानं एकदम वाढली. पाय बरा झाल्यावरही ती पद्धत कुणी मोडली नाही.