सगळी दारं उघडेस्तोवर

खटकचिंचोळीत बसची वाट बघत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातला चोरांसाठी लावलेला सायरन कोकलू लागला. मी धावत आत गेलो. साठीच्या एक अक्का पदर खोचून स्टुलावर उभ्या होत्या. खाली फुगलेली जुनी बॅटरी पडली होती.

"चोर न्हाई बाबा," सायरन बंद करत त्या म्हणाल्या. "नवी बॅटरी बसवले. मेन बंद करून बघायले, लाइट गेल्यावर वाजतंय का."

"वाजलं की, अक्का."

"व्हय. पर आलं कोन? तू एकटाच, परगावचा." गल्लीतलं एकही दार उघडलं नव्हतं. "जुन्या बॅटरीनं ह्ये उगीच कोकलायचं, म्हणून कोनी ध्यान देईना झालंय. आता सगळी दारं उघडेस्तोवर वाजवते."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

पहिलं दार उघडलं तेव्हा माझी बस केव्हाच गेली होती.