ठिणगीचा टर्बो

माझी नणंद सायलेन्सर बनवते. लोकांच्या नणंदा बँकेत असतात, शाळेत असतात. माझी पत्र्याच्या शेडमध्ये काळा चष्मा लावून पाइप वाकवते आणि वेल्डिंग करते. तिला सगळे ठिणगी म्हणतात, पण ते कामावरून नव्हे, स्वभावावरून. नाकावर माशी बसू देत नाही. तिच्याशी भांडायला मला मनापासून आवडतं, पण दुसरं कुणी तिच्याविषयी वाकडं बोललेलं खपत नाही.

तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, नेमका उलटा. त्याचं फोटोंना फ्रेमा करण्याचं दुकान आहे. चांगली वस्तू काचेमागे गेली की सुखरूप राहिली, हे त्याचं साधं गणित. या दोघांच्या मध्ये होती माझ्या सासऱ्यांची गाडी: दोन सीटची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. सासऱ्यांनी ती भंगारातून उचलून आणली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. दिसायला अशी देखणी की रस्त्यात माना वळायच्या. पण इंजिन इवलंसं. आमचं घर टेकडीवर. शेवटचा चढ आला की बिचारीचा जीव मेटाकुटीला यायचा. सायकलवालेसुद्धा तिला मागे टाकायचे, आणि वर हात हलवायचे.

सासरे गेल्यानंतर एका दुपारी ती चढावर बंदच पडली. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत बसला. त्या संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "बाबांच्या गाडीचं हसं होतंय. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचा मोठा हॉल आहे. तिथे मानाने उभी राहील."

ठिणगीचा घास हातातच राहिला. "उभी राहायला बाबांनी बनवली का? दादा, मी तिला टर्बो बसवते. चढ चढली तर गाडी घरात राहील. नाही चढली तर दे खुशाल."

टर्बो म्हणजे काय, ते तिने मला चमच्यांची मांडामांड करून सांगितलं. गाडीचा धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो, आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर.

नवऱ्याने अट घातली. "बाबांच्या गाडीला एकही नवं भोक पडता कामा नये. पत्रा कापायचा नाही. आणि मला नाही पटलं तर सगळं काढून होती तशी करून द्यायची."

मला वाटलं, आता ताटं उडणार. पण ती नुसतं "दिला शब्द" म्हणाली आणि भात वाढून घेतला.

मग तिने माझं डोकं खायला सुरुवात केली. भावाच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या वाकवून तिने आधी पाइपांचे नमुने केले. एकदा स्वयंपाकघरात येऊन माझी मळलेली कणीक उचलून नेली. टर्बोवर तिचा गोळा ठेवून बॉनेट लावलं, उघडलं, आणि गोळा किती दबला ते पाहिलं. बोटभर जागा उरत होती. कणीक परत आणून दिली, त्यावर ऑइलचा डाग. तिला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि मग गाडं अडलं. टर्बोला ऑइल लागतं आणि ते परत इंजिनात उतरावं लागतं. त्यासाठी इंजिनाच्या तळाला भोक पाडण्यावाचून इलाज नाही, असं शेजारचा गॅरेजवाला सांगून गेला. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर बाईसाहेब उलट्या डब्यावर बसलेल्या.

"हरले बहुतेक, वहिनी."

"पाड की एक भोक. तुझा दादा काय गाडीखाली वाकून बघणार आहे?"

"तो बघणार नाही, म्हणूनच नाही पाडायचं," ती म्हणाली. अशा वेळी तिच्यापुढे बोलायची माझीही टाप नसते.

चहा तसाच टाकून ती टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली शिरली. बऱ्याच वेळाने खालून हसू ऐकू आलं. इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांवर एक छोटी पट्टी होती. तिथे पूर्वी पेट्रोलचा पंप असायचा. सासऱ्यांनी विजेवरचा पंप मागे बसवला आणि ती जागा पट्टीने झाकून टाकली. पट्टीमागची वाट थेट इंजिनाच्या पोटात जात होती. ठिणगीने तशीच दुसरी पट्टी कापली, तिला नळी जोडली, आणि ऑइलला घरी जायचा रस्ता मिळाला.

रविवारी सकाळी गाड्या जमवणारे ते गृहस्थ गाडी बघायला आले. भाऊ-बहीण गाडी घेऊन टेकडीखाली गेली आणि मी पाहुण्यांना फाटकाशी चहा दिला. माझं लक्ष चहात नव्हतं. खालून आधी नेहमीची घरघर आली, मग बारीक शीळ, आणि वळणावर लाल नाक दिसतंय तोवर गाडी आमच्यापुढे. माझा ऊर असा भरून आला की पाहुण्यांना बिस्किटं विचारायची राहिली. नवरा शेजारच्या सीटवरून उतरला. त्याचे केस उभे, आणि हातात टर्बोचा दाब दाखवणारा गोल मीटर. बसवायला भोक लागलं असतं, म्हणून तो त्याने वाटभर हातात धरला होता.

गृहस्थांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं. "काम फार सुंदर आहे. पण मला गाडी मूळ रूपात हवी. हे निघेल का?"

"निघेल," ठिणगी म्हणाली. "एका दिवसात. खूणसुद्धा राहणार नाही." तिने मान वर केली नाही. तिच्या खरेपणाचा मला अभिमान वाटला आणि त्याच खरेपणाचा असा राग आला की काय सांगू.

नवरा घरात गेला. मला वाटलं, गाडीचे कागद आणायला. आला तो फ्रेमांचं ड्रिल घेऊन, त्याला मोठं गोल पातं लावून. फ्रेमेसाठी भिंत मोजतो तसा त्याने लाकडी डॅशबोर्ड मोजला आणि पेन्सिलीने खूण केली.

"ठिणगे, मीटर इथे दिसेल ना तुला?"

"दादा, अरे, बाबांचं लाकूड आहे ते."

"दिसेल का ते सांग."

तिने मान डोलावली. ड्रिल फिरलं, भुसा सीटवर सांडला. नवऱ्याने फुंकर मारून भोक साफ केलं, मीटर आत बसवला आणि पाहुण्यांकडे वळला.

"माफ करा," तो म्हणाला, "आता ही मूळ रूपात नाही राहिली."