तंजावूरच्या मागच्या बाकावर

तंजावूरला जायचं मी ठरवलं नव्हतं, आमच्या क्रीडा संपादकांनी ठरवलं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, घरोघरी केबल नुकती पोचत होती. त्यांना एक चौकट हवी होती: तंजावूरची मराठी घरं क्रिकेटचा सामना कशी बघतात? अडीचशे शब्द, सामन्याच्याच दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत फोनवरून. पहिल्या पानावर, नावासकट. तोवर माझं नाव पहिल्या पानावर कधी आलं नव्हतं.

पुण्याहून मद्रास, तिथून मीटरगेजची गाडी. आता रूळ रुंद झालेत. जमलं तर दिवसाची गाडी घ्या, कारण कुंभकोणमनंतर खिडकीत नुसती भातशेती, कालवे आणि माड. पापनाशमच्या फलाटावर पानात बांधलेली इडली घेतली, आजही तोंडाला पाणी सुटतं. तंजावूरला स्टेशनजवळच लॉज मिळतात. ऑटोचं भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

मोठं देऊळ सकाळी लवकर पाहा. ऊन चढलं की अंगणातला दगड अनवाणी पायांना उभं राहू देत नाही. मी जवळजवळ उड्या मारतच बाहेर पडलो आणि राजवाड्यामागच्या गल्लीत वेंकटरावांकडे गेलो. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. गल्लीतली पंधरा-वीस माणसं त्यांच्या रंगीत टीव्हीसमोर जमली होती.

"या हो पुणेंकर! पुढे बसा," म्हणत त्यांनी मला चटईवर शेजारी बसवलं. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. निम्मं कळेपर्यंत कॉफी संपली.

दुपारी भारताचा पाठलाग सुरू झाला आणि वीज गेली. कोणी कुरकुरलं नाही. मी लॉजवर जाऊन जेवलो, जरा आडवा झालो. परत आलो तर वीज आली होती, सामना चालू होता. मला पुन्हा चटईवर जागा मिळाली. वेंकटराव मात्र आता भिंतीजवळच्या बाकावर होते.

साडेपाचला तीन षटकांत एकोणीस धावा हव्या होत्या. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे पळालो आणि मजकूर सांगू लागलो, "तंजावूरनं श्वास रोखलाय..."

"कशासाठी?" उपसंपादक म्हणाला. "सामना संपून तास झाला. हरलो आपण."

मी परत आलो. आत सगळे ओरडत होते, "अडी! अडी!" म्हणजे मार, मार. वेंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते झटकन दारात आले.

"कळलं वाटतं?"

"हे काय आहे?"

"वीज गेली की केबलवाला जनरेटरवर सामना टेप करतो. आली की, थांबला तिथून लावतो. मध्ये ज्यानं रेडिओ ऐकला त्यानं मागे बसायचं. तोंड पुढच्यांना दिसता नये. तुमचं तर अगदी तेराव्याला आल्यासारखं झालंय. मागे चला."

बाकावर सहा जण होते. सहाही जणांना निकाल ठाऊक होता. गडी बाद झाला तेव्हा सर्वांत मोठ्यानं "अय्यो!" हेच ओरडले. शेवटच्या षटकात वेंकटरावांनी माझा गुडघा घट्ट धरला. "हा मारतो बघा."

"अहो, तुम्हाला माहीत आहे ना?"

"आइकिलों," ते नजर न हलवता म्हणाले. "पाहिलों नाहीं अजून."

सहाला पाच मिनिटं असताना मी पुन्हा बूथवर होतो. उपसंपादकानं सगळं ऐकून घेतलं. "एका वाक्यात सांग. त्यांना निकाल माहीत होता की नव्हता?"

"पुढच्यांना नव्हता. मागच्यांना होता, पण..."

"पण काय?"

मला सांगता येईना. पान छपाईला गेलं.

दोन दिवसांनी पुण्यात अंक पाहिला. माझ्या चौकटीच्या जागी टायरची जाहिरात होती. संपादक रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "मागच्या लोकांचं डोकं फिरलं होतं म्हणायचंस, छापलं असतं."

तेही खरं नव्हतं. त्यानंतर मी शेकडो मजकूर वेळेत दिले, पण ते एक वाक्य अजून जमलेलं नाही. कारण शेवटचा चेंडू उंच गेला तेव्हा, निकाल कानांनी ऐकून आलेला मी, बाकावर चढून उभा होतो.