टायर मी निवडले होते

टायर मी निवडले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ते कोणी कधी बोलून दाखवलं नाही.

साठ साल उलटलं होतं. थोरल्या भावाने लहानसा, वापरलेला ट्रॅक्टर घेतला. बोरी अरबच्या आसपास तेव्हा ट्रॅक्टर बोटावर मोजण्याइतके. त्याचे मागचे टायर झिजले होते, म्हणून नवे आणायला त्याने मला यवतमाळला धाडलं. "तू मॅट्रिक हायेस, तुले समजते," म्हणाला. मॅट्रिकला टायर नव्हते, तरी मी ताठ मानेने गेलो.

दुकानात दोन जोड होते. एकाला बोटभर उंच, तिरपे कंगोरे आणि मध्ये रुंद फटी. दुसऱ्याची नक्षी उथळ, हात फिरवला तर जवळजवळ सपाट. दुकानदाराने विचारलं, "जमीन कोणती?" मी म्हणालो, "जमिनीचं राहू द्या. कापूस दारव्ह्याला न्यायचा आहे, सडकेवर पळाले पाहिजेत." सपाट जोड घेऊन आलो आणि दुकानदाराला कसं गप्प केलं ते घरात रंगवून सांगितलं.

आमचा सालदार बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा म्हातारा. त्याच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घातलेला. त्याने नक्षीत अंगठा दाबून पाहिला. नखही पुरतं बुडालं नाही. "भाऊ, हे काळ्या जमिनीचे नाही. दोन चकरात गारा भरन, अन् चाक गुळगुळीत होईन."

"बाबा, हा बैल नाही," मी म्हणालो. थोरला हसला आणि विषय तिथेच संपला.

उन्हाळाभर टायर सडकेवर झकास पळाले. पाऊस लागल्यावर ट्रॅक्टर दोनदा शेतात रुतला, दोनदा बैलांनी ओढून काढला. सालदार दोन्ही वेळा काडी घेऊन चाकांतला गारा, तो चिकट चिखल, खरवडत बसला. मला त्या काडीची भीती वाटायला लागली. टायर बदलू या, असं सांगायला हवं होतं. पण मग चुकलो म्हणावं लागलं असतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनीने बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून पोळ्याच्या दिवशी नाल्यापलीकडचा हिरवा चारा आणायला थोरल्याने ट्रॅक्टर काढला; सालदार आणि मी बरोबर होतो. "हा बैल नाही नं? मंग याले सुटी कायची?" माझंच वाक्य.

येताना नाल्यात गुडघाभर पाणी होतं. चढावर चाकं गाऱ्याने भरली, जागच्या जागी फिरली आणि ट्रॅक्टर मागे घसरून कलंडला. थोरल्याचा पाय खाली सापडला. तो कमरेपर्यंत पाण्यात बसून होता. नाल्याच्या वरच्या अंगाला आभाळ काळंभोर झालेलं, म्हणजे पाणी चढणार होतं. सालदाराने त्याला मागून धरलं आणि मला म्हणाला, "चार जोड्या आन. पळ."

मी पळालो. गावात तोरणाखाली बैल रांगेने उभे, डफडी वाजत होती. ट्रॅक्टर कलंडला, भावाचा पाय अडकला, एवढं मी सांगितलं. आभाळाचं सांगितलंच नाही. एक जाणता म्हणाला, "तोरण तुटू दे, पोळा फुटला का लगेच निंघू." माणूस वाईट नव्हता. मी आमच्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवला, तर तळव्याला हळद लागली. त्याला ओढून न्यायचं माझ्याच्याने झालं नाही. मी उभा राहिलो. किती वेळ, ते मला आजही ठरवता येत नाही.

कोणीतरी घरी सांगितलं असावं. वहिनी पूजेचं ताट घेऊन तशीच आली. "पानी कितीक हाय?"

"कमरेला. पण वर आभाळ आलं आहे."

तिने ताट खाली ठेवलं, बैलाच्या अंगावरची झूल ओढून काढली आणि स्वतः कासरा धरला. मग सगळं गाव धावलं. तोरण तसंच टांगलेलं राहिलं.

पोचलो तेव्हा पाणी सालदाराच्या गळ्याशी होतं. दोन्ही हातांनी त्याने थोरल्याचं तोंड वर धरलं होतं. बैलांनी एका हिसक्यात ट्रॅक्टर सरकवला. पण थोरल्याच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं; तो त्याच्या थोडा आधीच गेला होता. सालदार हात सोडेना.

तेरवी झाल्यावर वहिनीने मला हाक मारली. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी धुऊन ठेवलेला होता.

"भाऊजी, शेत तर करा लागन. टायर बदलून आना."

ती आत जायला वळली आणि दारात थांबली.

"अन् ह्या खेपी दुकानदारानं इचारलं, तर जमीन कोनती ते सांगजा."