वर्नाबाईंनी बंद ठेवलेली लिफ्ट

अमेरिकेतल्या आयडाहोत, आमच्या स्कीच्या डोंगरावर तारेला लटकत वर जाणाऱ्या लिफ्टची सकाळची पहिली खुर्ची वर्नाबाईंची. स्कीवाल्यांना लिफ्टमध्ये चढवण्याआधी व्यवस्थापक असूनही त्या स्वतः शिखरापर्यंत जाऊन यायच्या, टोपी कानांवरून सरकवून खांबांवरच्या चाकांचा आवाज ऐकत. चौतीस वर्षं! मी खालच्या ठाण्यावर लोकांना खुर्च्यांत बसवते, माझ्यासमोरच सगळं चालायचं.

तीन वर्षांपूर्वी डोंगर डेन्व्हरच्या एका कंपनीने घेतला. बाई राहिल्या, हुकूम मात्र तिकडून सुटायला लागले.

फेब्रुवारीतल्या सुट्टीचा शनिवार. रांग पार गाड्यांपर्यंत गेलेली. बाई वरून उतरल्या त्या पापण्यांवर बर्फ घेऊनच.

"शिखराकडची वरची लिफ्ट बंद. वाऱ्याने खुर्च्या खांबांवर आपटतायत."

लगेच डेन्व्हरहून कंपनीच्या विटकॉम्बसाहेबांचा फोन. बाईंची बोटं बधिर, म्हणून ठाण्याच्या खोलीत आम्हा सगळ्यांसमोर स्पीकरवर.

"वर्ना, माझ्या स्क्रीनवर वारा ताशी आठ मैल दिसतोय."

"वाऱ्याचं यंत्रच गोठलंय, साहेब. वीतभर बर्फ बसलाय त्याच्यावर."

"दहाला लिफ्ट सुरू हवी."

"मग पहिल्या खुर्चीत तुम्ही बसा. जागा राखून ठेवते."

आम्ही तोंड दाबून हसलो. साहेब हसले नाहीत. "तुझं काम संपलं, वर्ना. डेल आहे का तिथे? डेल, आजपासून तू व्यवस्थापक."

डेल बाईंच्या हाताखालचा, त्यांनीच घडवलेला. तो उसळला. "मला नको! बाई जाणार तर मीही चाललो."

बाईंनी झटकन फोनवरचं म्यूटचं बटण दाबलं. "गाढवा, हो म्हण! तू नाही म्हणालास तर हा वारा कधी न खाल्लेला कुणीतरी पाठवतील इथे."

"आणि तुम्ही?"

"मी रविवारी उशिरापर्यंत झोपेन. बघू जमतं का." खोटं कशाला सांगू? माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

डेलने म्यूट काढून फोन घेतला. "ठीक आहे साहेब, घेतो."

"शाबास! मग दहाला लिफ्ट?"

"नाही. वरची लिफ्ट बंद. आता हे मी सांगतोय. एका सकाळी दोघांना काढायचं असेल तर काढा."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

बाई मात्र खोलीत नव्हत्या. बाहेर रांगेपुढे उभ्या राहून, आज वर जाता येणार नाही म्हणून सांगत होत्या. पोरंसोरं धरून सगळे त्यांच्यावर ओरडत होते. नोकरी गेलेली बाई मुकाट्याने डेलच्या वाट्याच्या शिव्या खात होती. त्याची पहिलीच सकाळ होती ना!