शून्याचा रकाना

त्या शून्याची मला आजही शिसारी येते.

मी नंदुरबारच्या कॉलेजात गणित शिकवतो. शहरातून आलेल्या एका संशोधक साहेबांना सातपुड्यातल्या आश्रमशाळेत सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी मुलांचं रक्त तपासायचं होतं. आकडेमोड माझ्या गळ्यात पडली. शिबिराच्या सकाळी मुख्याध्यापकांनी आमची जीप मागितली, काही पोरांना पाड्यावर सोडायचंय म्हणून. मी चहा पीत होतो. न्या की, म्हटलं.

निकाल आले. सदोष जनुक आई किंवा बापाकडून मिळालेली, म्हणजे नुसती वाहक, मुलं भरपूर. दोघांकडून मिळालेलं, खरोखर आजारी मूल एकही नाही. इथे आजार नाहीच, नुसते वाहक आहेत, असं लिहून साहेब मोकळे झाले.

माझ्या घशाखाली ते उतरेना. एवढे वाहक असतील, तर त्यांच्या आपसातल्या लग्नांतून काही मुलं आजारी निघणारच; चार ओळींचा हिशेब आहे. तो मांडला. उत्तर शून्याच्या जवळपासही येईना. साहेब भजी खात होते. तेलकट बोटांनी माझा कागद सरकवत म्हणाले, तुमचं गणित फळ्यावर ठीक, जीवशास्त्र रक्तात असतं. तो डागाळलेला कागद मी घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीच जीप घेऊन मी शाळेत गेलो. शिबिराच्या सकाळी जीपने पाड्यावर सोडलेली पोरं कोणती होती, असं मुख्याध्यापकांना सरळ विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"दुखणाईत पोरे पाहुणासमोर कसाले ठेवाना? सुई टोचताच एखादं पडी गे तर? म्हनीसन घर धाडी दिनात."

हजेरीपटावर मात्र ती सगळी हजर होती. इतका कोडगेपणा मी क्वचितच पाहिला असेल.

पाड्यावरच्या पहिल्याच घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडली होती. डोळे पिवळे. हात-पाय वर्षभर ठणकत होते आणि कशाने, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शिबिरात कळलं असतं. आजच दवाखान्यात नेऊ, असं मी म्हटलं, ड्रायव्हरने ते त्यांच्या पावरी बोलीत सांगितलं, आणि आई लगेच उठली. मुलगी मात्र दारातली जीप बघून रडायला लागली. खाटेचा पाय धरून काहीतरी बोलत राहिली.

ड्रायव्हरने माझ्याकडे बघायचं टाळलं.

"सर, ती म्हने, ह्या गाडीमा बसनं नही. हाई गाडी आजारी पोरेसले शाळामाईन काढी टाकस."