रोमच्या अलीकडे

रेखा गेल्याचा तिच्या नवऱ्याचा, सुनीलचा फोन आला तेव्हा मी कामावरून आयर्लंडमधल्या आमच्या गावी, एनिसला परतत होते. गाडी कडेला घेतली, तो काय सांगत होता ते ऐकलं, आणि फोन ठेवते न ठेवते तोच आमच्या मराठी ग्रुपवर पोस्टर येऊन पडलं. मागे इटलीतले सोनेरी डोंगर, पुढे पाठीवर सॅक घेतलेली रेखा, खाली ‘शेवटच्या श्वासापर्यंत लढली’. मला रडू यायच्या आधी किळस आली, आणि खरं सांगायचं तर महिना उलटला तरी ती गेलेली नाही.

रेखा माझी इथली पहिली मैत्रीण. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीत होती, आणि घरीही क्वालिटीतच असायची. खोटं काही खपवून घ्यायची नाही. आजार कळल्यावर बायका तिला ‘फायटर’ म्हणायला लागल्या, की ती खोलीतून उठून जायची. पहिल्या उपचारांनंतर जरा उभारी आली तेव्हा म्हणाली, जिथे कुणाला माझा आजार माहीत नाही अशा ठिकाणी चालायला जाऊ. म्हणून आम्ही टस्कनीत गेलो, रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवर.

पोस्टरवर दिसत नाही ते सांगते. बरीचशी वाट डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रक अंगावर येणारे. मुक्कामी ओल्या मोज्यांचा असा दर्प, की रेखा नाकाला स्कार्फ बांधून झोपायची. एका सकाळी एक गृहस्थ न्याहारीच्या टेबलावरच पायाची नखं कापत बसले. हिने आपली बशी उचलली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. पण काय मनापासून वैतागायची... घरी सगळे तिच्याशी जपून बोलत, इथे तिला पोटभर कुरकुरायला मिळत होतं.

मग एका गावाच्या बस थांब्यावर तिने सॅक खाली ठेवली.

“पुरे,” म्हणाली. “पाय चालतील अजून. मला चालायचं नाहीये.”

मी म्हटलं, रोम एवढं जवळ आलंय. तर म्हणे, रोम कुठे माझी वाट बघत बसलंय? बसमध्ये खिडकीशी बसून तिने पीच खाल्ला, रस कोपरापर्यंत ओघळू देत. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती. पुढे आजार परतला, डॉक्टरांनी केमोची आणखी एक फेरी सुचवली, तेव्हाही ती त्याच आवाजात पुरे म्हणाली. उरलेले दिवस तिने घरी, सोफ्यावर, लेकीला टेकून काढले.

शोकसभेत यातलं काही नव्हतं. स्लाइड शो, बासरी, समोसे, आणि माइकवर कुणीतरी सांगतंय की वहिनींनी वेदना सोसत रोम गाठलं, हार मानणं त्यांना ठाऊकच नव्हतं. सुनील मान खाली घालून बसला होता. खोडून काढायचं बळ बिचाऱ्यात नव्हतं. निघताना सगळ्यांना पोस्टरवरच्या त्याच वाक्याचे टी-शर्ट वाटले. माणूस गेल्यावर टी-शर्ट...

परवा त्यांच्या घरी गेले. रेखाची लेक इरा कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीतून. चहा ओतता ओतता तिने विचारलं, सगळे म्हणतात आईने कधी हार मानली नाही, मग केमो का थांबवली?

“डिड शी गिव्ह अप ऑन मी, मावशी?”

त्या गोडगोड खोटेपणाने या पोरीची आई तिच्यापासून हिरावून घेतली होती. मी तिला सगळं सांगितलं. बस थांबा, सॅक, पीच, आणि आईला रोमही नको होतं नि हॉस्पिटलही, तुझ्याशेजारचा सोफा हवा होता, हेही.

इराने सिंकखालचा प्रेस उघडला. इथे कपाटाला प्रेसच म्हणतात. आत रेखाची फडकी, घड्या घातलेली. कंपनीचे, गणेशोत्सवाचे, फुकट मिळालेले सगळे टी-शर्ट ती एकदाही अंगाला न लावता कापून ठेवायची. मग तिने खुर्चीवरचा, शोकसभेत मिळालेला नवाकोरा टी-शर्ट उचलला आणि एक बाही माझ्या हातात दिली. मी ती ताणून धरली. तिने ‘लढली’च्या मधोमध कात्री घातली.